पदवी संगणकाची, विद्या कोणती?

(कॉटन ग्रीन परिसरातील पालक व विद्यार्थी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



बारावीचा निकाल आणि प्रवेश परीक्षांचे गुण हाती आले की या परिसरातील घराघरांत एकच प्रश्न ऐकू येतो, ‘कॉम्प्युटरला प्रवेश मिळेल का?’ विज्ञान शाखेतील हुशार मुलाने वा मुलीने संगणकाकडे वळावे, ही आता जणू रीतच होऊन बसली आहे. त्यासाठी भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढली जाते, पतपेढीचे कर्ज घेतले जाते, क्वचित आईच्या हातातील पाटल्याही मोडल्या जातात. एवढे करून प्रवेश मिळतो आणि मग तीन-चार वर्षे घरात त्या विषयावर फारसे बोलणे होत नाही. महाविद्यालयाचे नाव ठाऊक असते, शुल्काचा आकडा पाठ असतो, पहिल्या नोकरीत ‘पॅकेज’ किती मिळते याची चौकशी झालेली असते. मुलगा तेथे नेमके शिकतो काय, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय तोच आहे.

हा प्रश्न विचारण्यास आज एक तातडीचे कारणही आहे. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने आपल्या मनुष्यबळापैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. त्यात प्रामुख्याने मधल्या व वरच्या फळीतील माणसे होती. ज्या नोकरीकडे मराठी मध्यमवर्ग सरकारी नोकरीइतक्याच विश्वासाने पाहत आला, त्या नोकरीविषयी अशी बातमी आल्यावर अनेक घरांत अस्वस्थता पसरली. त्याआधी नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि पाठोपाठ, सांगितल्यावर संगणकाची आज्ञावली लिहून देणारी साधने विद्यार्थ्यांच्या मोबाइलमध्येही आली. साहजिकच आजचा विद्यार्थी विचारतो, ‘यंत्रच आज्ञावली लिहिणार असेल, तर आम्ही काय शिकायचे?’ या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे तर मुळात हे शास्त्र कशाचे आहे, हे समजून घ्यावे लागेल.

नक्षी आणि पुठ्ठे

त्यासाठी फार लांब जाण्याचे कारण नाही. आपण ज्या भूमीवर बसलो आहोत, ती कापसाची भूमी आहे. मुंबईचा कापसाचा बाजार आधी कोटात आणि नंतर कुलाब्याला भरत असे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो शिवडीच्या बाजूला आला आणि येताना ‘कॉटन ग्रीन’ हे नावही सोबत घेऊन आला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातील पहिली विजेवर चालणारी रेल्वेगाडी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याकडे धावली, ती याच हार्बर मार्गावरून. गोदामे, गिरण्या आणि रेल्वे यांच्या आधारावर गिरणगाव उभे राहिले. १८८७ साली स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्येही आरंभी कापडगिरण्यांच्या तंत्राला अग्रस्थान होते. भायखळ्याहून १९२३ मध्ये माटुंग्याला गेलेली हीच संस्था आज वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते आणि तेथील संगणक अभियांत्रिकीच्या जागेसाठी विद्यार्थी जिवाचे रान करतात.

कापडाचा आणि संगणकाचा संबंध एवढाच नाही. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये जोसेफ मारी जॅकार्ड याने विणकामाच्या मागावर छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची साखळी चढवली. पुठ्ठ्यावर छिद्र असेल तेथे ताण्याचा धागा उचलला जाई, नसेल तेथे तो खालीच राही. माग तोच, पण पुठ्ठे बदलले की कापडावरची नक्षी बदलत असे. चार्ल्स बॅबेजने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी हीच कल्पना उचलली. १८९० च्या अमेरिकेतील जनगणनेत हर्मन हॉलरिथने छिद्रांच्या पत्रिकांवर माहिती नोंदवून ती यंत्राकडून मोजून घेतली, आणि पुढे त्याच्या कंपनीचा वारसा आयबीएमकडे गेला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत संगणकाला सूचना देण्याचे एक प्रमुख साधन म्हणजे छिद्रांच्या पत्रिकाच होत्या.

या इतिहासात आजच्या विषयाचे मर्म आहे. मागावर पुठ्ठे चढवणारा कारागीर कुशल असतो, त्याच्यावाचून काम होत नाही. परंतु कोणत्या छिद्रातून कोणती नक्षी उमटेल, नक्षी बदलावयाची तर कोठे हात घालावा आणि कमीत कमी पुठ्ठ्यांत ती कशी बसवावी, हे ज्याला कळते त्याला माग बदलला तरी फारशी चिंता नसते. संगणकशास्त्राची पदवी नक्षी रचण्याची विद्या देण्यासाठी निर्माण झाली. व्यवहारात मात्र अनेकदा ती केवळ पुठ्ठे चढवण्याचा सराव देऊन थांबते.

पदवी नव्हती, विद्या होती

भारतीय बनावटीचा पहिला पूर्ण क्षमतेचा इलेक्ट्रॉनिक संगणक याच मुंबईत बांधला गेला. डॉ. होमी भाभा यांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील तरुण चमूने तो १९६० मध्ये पूर्ण केला. पुढे त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण झाले. त्याच्या स्मृतीत २,०४८ शब्द मावत आणि प्रत्येक शब्द ४० बिटांचा असे. आजच्या हिशेबाने ही स्मृती अवघी दहा किलोबाइट भरते. मोबाइलवर काढलेल्या एका छायाचित्राला तिच्या शेकडो पट जागा लागते. एवढ्या तुटपुंज्या साधनांवर वैज्ञानिक गणिते सोडवावयाची, तर प्रत्येक सूचनेचा काटेकोर विचार करणे भाग होते. ज्यांनी हे यंत्र बांधले, त्यांच्याजवळ संगणकशास्त्राची पदवी नव्हती, कारण तेव्हा भारतात तशी पदवीच अस्तित्वात नव्हती. त्यांच्याजवळ होते ते गणित, भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स आणि विचारांची शिस्त.

पवईच्या आयआयटीत साठच्या दशकात सोव्हिएत बनावटीचा मिन्स्क-२ संगणक आला. १९६८ मध्ये मुंबईतच टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची स्थापना झाली. फकीरचंद कोहली यांनी या कंपनीसाठी जी पहिली पिढी घडवली, तीही बहुतांशी अन्य शाखांच्या अभियंत्यांची होती. संगणकाच्या स्वतंत्र पदव्या सार्वत्रिक होऊ लागल्या त्या ऐंशीच्या दशकात आणि त्यानंतर.

याच काळातील पुण्याचे उदाहरण अधिक बोलके आहे. भारताला हवा असलेला महासंगणक देण्यास अमेरिकेने नकार दिला, तेव्हा १९८८ मध्ये सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. अकोला जिल्ह्यातून आलेले, विद्युत अभियांत्रिकीचे विद्यार्थी असलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे १९९१ मध्ये ‘परम ८०००’ साकार झाला. एकच अतिशय वेगवान प्रक्रियक बनवणे आपल्याला तेव्हा शक्य नव्हते. म्हणून बाजारात मिळणारे अनेक प्रक्रियक एकत्र जोडून त्यांच्याकडून एका कामाचे भाग एकाच वेळी करून घेण्याचा मार्ग निवडला गेला. काम कसे विभागावे, एका भागाचे उत्तर दुसऱ्याला केव्हा द्यावे आणि वाट पाहण्यात वेळ जाऊ नये म्हणून काय करावे, हे सारे मूलतत्त्वांचे प्रश्न होते. तत्त्व आपल्या हाती होते म्हणून नकार मिळाल्यावरही वाट काढता आली. देशाच्या बाबतीत जे खरे, ते एकेका विद्यार्थ्याच्या बाबतीतही खरे आहे.

अभ्यासक्रमाच्या पोटात काय असते?

आज प्रवेशाच्या वेळी चार नावे पालकांसमोर येतात. बी.ई. किंवा बी.टेक. हा चार वर्षांचा अभियांत्रिकीचा मार्ग. त्यात गणित, भौतिकशास्त्र व इलेक्ट्रॉनिक्स यांचा पाया अधिक रुंद असतो. बी.एस्सी. संगणकशास्त्र ही विज्ञान शाखेची पदवी. बी.एस्सी. आयटी या पदवीचा कल प्रत्यक्ष वापराकडे अधिक, तर बीसीएचा भर संगणकाच्या उपयोजनांवर असतो. २०२४-२५ पासून बीसीए हा अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आला आणि महाराष्ट्रात त्यासाठी सामायिक प्रवेश परीक्षाही सुरू झाली. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे तीन वर्षांच्या पदवीला चौथ्या वर्षाची जोडही देता येते. नावे आणि वर्षे वेगळी असली, तरी या चारही मार्गांचा कणा पाच-सहा विषयांचा आहे : डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, डेटा स्ट्रक्चर्स व अल्गोरिदम, संगणकाची अंतर्गत रचना, ऑपरेटिंग सिस्टीम, डेटाबेस आणि नेटवर्क. सी, जावा, पायथन या भाषा हे लेखणीचे प्रकार आहेत. लिहावयाचे काय, ते या विषयांतून कळते.

ही नावे ऐकून दडपण येण्याचे कारण नाही. यातील प्रत्येक विषय रोजच्या व्यवहारातून समजावून देता येतो. दहा लाख मतदारांची नावे वर्णानुक्रमे लावलेली आहेत आणि त्यात एक नाव शोधावयाचे आहे, असे समजा. पहिल्या नावापासून वाचत गेल्यास दहा लाख नावे पाहण्याची वेळ येऊ शकते. परंतु यादी मधोमध उघडली, नाव आधी येते की नंतर ते पाहिले, नको असलेला अर्धा भाग बाजूला ठेवला आणि उरलेल्या भागावर तीच कृती पुन्हा केली, तर सुमारे वीस वेळा पाहिल्यावर काम होते. दहा लाखांचे काम विसावर येते, ते यंत्र वेगवान झाल्यामुळे नव्हे. विचार शहाणा झाल्यामुळे.

ती यादी वर्णानुक्रमे लावण्याचेही तसेच आहे. प्रत्येक नाव दुसऱ्या प्रत्येक नावाशी ताडून पाहण्याची भोळी पद्धत वापरली, तर दहा लाख नावांसाठी सुमारे ५० हजार कोटी तुलना कराव्या लागतात. यादीचे भाग पाडून, ते लावून, मग जुळवत नेण्याची पद्धत वापरली, तर साधारण दोन कोटी तुलनांत काम संपते. सेकंदाला दहा कोटी तुलना करणाऱ्या यंत्राला पहिल्या पद्धतीने जवळजवळ दीड तास लागेल, दुसरीने सेकंदाचा पाचवा हिस्सा. दोन्ही आज्ञावल्या बरोबर, दोन्हींचे उत्तर एकच. यातील एक व्यवहारात चालते आणि दुसरी चालत नाही, हे ओळखण्याची दृष्टी म्हणजे अल्गोरिदमचा विषय.

डेटाबेसचे उदाहरण तर लालबाग-परळच्या चाकरमान्यांच्या अनुभवातले आहे. गणपतीसाठी कोकणात जाणाऱ्या गाडीचे आरक्षण सुरू होते आणि त्याच क्षणी हजारो जण तिकीट मागतात. एकाच शायिकेवर दोघांनी एकाच वेळी बोट ठेवले, दोघांनाही ती रिकामी दिसली आणि दोघांनाही दिली गेली, तर गाडीत भांडण ठरलेलेच. म्हणून एकाचा व्यवहार पूर्ण होईपर्यंत ती नोंद दुसऱ्यासाठी रोखून धरावी लागते. बँकेतून पैसे गेले आणि तिकीट तयार होण्यापूर्वी संपर्क तुटला, तर व्यवहार एक तर पूर्ण झाला पाहिजे किंवा मुळीच न झाल्यासारखा पूर्वपदावर आला पाहिजे. अर्धवट अवस्था चालत नाही. हे नियम एकदा नीट समजले, की रेल्वे असो, रुग्णालय असो वा पतपेढी, विद्यार्थी तेथील प्रश्न ओळखू शकतो.

आणखी एक उदाहरण आपल्या मातृभाषेचे. ‘लक्ष्मी’ हा शब्द वाचणाऱ्याला दोन अक्षरांचा वाटतो. युनिकोडमध्ये तो सात चिन्हांनी लिहिला जातो : ल, क, हलन्ताचे चिन्ह, ष, पुन्हा हलन्ताचे चिन्ह, म आणि दीर्घ वेलांटी. सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण २१. नावासाठी वीस बाइटांची मर्यादा ठेवणाऱ्या प्रणालीत हे छोटेसे नाव मावणार नाही. रोमन लिपीतले मात्र सहज मावेल. ज्याने केवळ इंग्रजी नावांवर सराव केला, त्याला आपली चूक कळणारही नाही. एका फाँटमध्ये टंकलेला मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर अगम्य चिन्हांचा ढीग होऊन दिसे, तो काळ मराठी प्रकाशकांना आठवत असेल. १९९१ चे भारतीय मानक ‘इस्की’ आणि त्याच परंपरेतील मांडणी स्वीकारणारे युनिकोड यांनी ती कोंडी फोडली. हे काम करणारे लोक भाषाही जाणत होते आणि संगणकाचा पायाही.

कंपायलर हा विषय शिकताना विद्यार्थ्याला भाषेचे व्याकरण नियमांत बांधावे लागते. हे नियम लिहिण्याची जी पद्धत जगभर बॅकस आणि नाउर यांच्या नावाने शिकवली जाते, तिला ‘पाणिनी-बॅकस पद्धत’ म्हणावे, असे पी. झेड. इंगरमन यांनी १९६७ मध्ये अमेरिकेतील एका प्रतिष्ठित संगणकविषयक नियतकालिकात सुचवले होते. सुमारे चार हजार सूत्रांत एका भाषेची संपूर्ण रचना बसवणाऱ्या अष्टाध्यायीचा हा गौरव योग्यच आहे. अर्थात, पाणिनीने संगणक शोधला असे म्हणणे हा पाणिनीवरही अन्याय आहे. त्याच्यापासून घ्यावयाचा तो अचूक, संक्षिप्त आणि निःसंदिग्ध नियम रचण्याचा ध्यास. तो ध्यास घेऊन आपला विद्यार्थी कंपायलरचा तास ऐकतो की परीक्षेत पाच गुणांची टीप लिहून सुटतो, हा खरा प्रश्न आहे.

गाडे कोठे अडते?

अभ्यासक्रम कागदावर पाहिला तर त्यात फारसे काही उणे नाही. उणे आहे ते शिकण्याच्या पद्धतीत. अनेक महाविद्यालयांत प्रात्यक्षिकाची वही वर्गातील एक जण लिहितो आणि बाकीचे उतरवतात. आज्ञावली पाठ केली जाते. तिच्यातील एक ओळ बदलली तर काय होईल, असे विचारताच विद्यार्थी गोंधळतो. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात गाइड उघडले जाते आणि अपेक्षित प्रश्न घोकले जातात. अंतिम वर्षाचा प्रकल्प दुकानातून तयार घेतला जातो आणि तोंडी परीक्षेपुरते त्याचे वर्णन पाठ केले जाते. गणिताविषयी लहानपणापासून मनात बसलेली भीती डिस्क्रीट मॅथेमॅटिक्सच्या तासाला पुन्हा डोके वर काढते आणि तो विषय ‘काढून टाकण्याचा’ होतो. यात केवळ विद्यार्थ्यांना दोष देता येणार नाही. तासिका तत्त्वावर राबणारे अध्यापक, गुणांवर खिळलेली पालकांची नजर आणि कोणत्याही शाखेचा पदवीधर घेऊन त्याला काही महिन्यांत कामापुरते तयार करण्याची कंपन्यांची रीत, या सर्वांनी मिळून ‘पदवीपुरते शिकले की पुरे’ ही समजूत पक्की केली.

भाषेचीही एक अडचण आहे. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी पहिल्या वर्षी संकल्पनेशी झगडण्याआधी वाक्याशीच झगडतो. न समजलेले तो पाठ करतो आणि ती सवय मग चार वर्षे सुटत नाही. या दृष्टीने पिंपरी चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयात २०२१-२२ पासून संगणक अभियांत्रिकी मराठीतून शिकवण्यास झालेला आरंभ महत्त्वाचा आहे. परिभाषा जगाची असू द्यावी; ‘स्टॅक’ आणि ‘क्यू’ हे शब्द तसेच राहिल्याने काही बिघडत नाही. परंतु ताटांच्या चळतीतून शेवटी ठेवलेले ताट प्रथम निघते, तर तिकिटाच्या रांगेत पहिला उभा राहिलेला प्रथम सुटतो, हे मराठीतून सांगितले की दोन्ही संकल्पना कायमच्या मनात बसतात. इंग्रजी अवश्य यावे, पण समजण्याचे काम तिच्यासाठी खोळंबून राहू नये.

यंत्र लिहू लागले, तर?

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आज काही क्षणांत आज्ञावली लिहून देतात, हे खरेच आहे. नावे वर्णानुक्रमे लावण्याची आज्ञावली मागितली तर ती मिळेल. दहा नावांवर ती उत्तम चालेल. दहा लाखांवर ती अडेल का, दोन माणसांनी एकाच वेळी वापरली तर नोंदी बिघडतील का, ‘लक्ष्मी’ हे नाव तिच्यात तुटेल का, हे तपासण्यासाठी मात्र पायाचे विषय समजलेला माणूस लागतो. साधने दिवसेंदिवस सुधारत आहेत आणि यातील काही चुका ती स्वतःही दाखवतील. तरीही कोणता प्रश्न विचारावयाचा, मिळालेले उत्तर कोठे पारखावयाचे आणि त्याची जबाबदारी कोणी घ्यावयाची, हे माणसालाच ठरवावे लागते. पूर्वी केवळ सांगितलेली आज्ञावली टंकून देणाऱ्यालाही नोकरी मिळत असे. ती जागा आकुंचन पावत आहे.

गिरणगावाला हे नव्याने सांगावयास नको. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि पुढे एकेक गिरणी थंडावत गेली. जुनी यंत्रसामग्री, नव्या गुंतवणुकीविषयीची मालकांची अनास्था, यंत्रमागांची स्पर्धा, जमिनीला आलेला भाव अशी त्याची अनेक कारणे होती. कामगाराच्या कौशल्यात खोट नव्हती. धाग्यावर नुसते बोट फिरवून सूत ओळखणारी माणसे या चाळींतून राहत होती. परंतु त्यांचे कौशल्य एका खात्यातील एका यंत्राशी बांधले गेले होते. फाटक बंद झाल्यावर बाहेर त्याचे मोल करणारा कोणी उरला नाही. त्यांच्यापैकी अनेकांनी पोटाला चिमटा घेऊन मुलांना शिकवले, ते पुढच्या पिढीवर ही वेळ येऊ नये म्हणून. त्यांच्या नातवंडांनी एका कंपनीच्या एका साधनाशी स्वतःला बांधून घेतले, तर यंत्र तेवढे बदलले आणि कहाणी तीच राहिली, असे म्हणावे लागेल.

घराने आणि समाजाने काय करावे?

पालकांना संगणकशास्त्र येण्याची आवश्यकता नाही. प्रवेश घेताना त्यांनी चार प्रश्न मात्र अवश्य विचारावेत. डेटा स्ट्रक्चर्स आणि ऑपरेटिंग सिस्टीम हे विषय कोण शिकवतात आणि ते अध्यापक किती वर्षे तेथे टिकून आहेत? महाविद्यालयाची प्रयोगशाळा तासांव्यतिरिक्त विद्यार्थ्यांना उघडी असते का? प्रात्यक्षिक परीक्षेत आज्ञावली जागेवर बदलावयास लावतात का? मागील वर्षीच्या विद्यार्थ्यांनी स्वतः केलेले प्रकल्प पाहावयास मिळतील का? या चार उत्तरांतून जे कळेल, ते इमारतीच्या काचांतून आणि रंगीत माहितीपत्रकातून कळणार नाही. आणि प्रवेशानंतर महिन्यातून एकदा जेवताना मुलाला म्हणावे, ‘या महिन्यात काय शिकलास ते आम्हाला समजेल अशा मराठीत सांग.’ ज्याला आजीला समजावून सांगता येते, त्याला तो विषय समजला आहे असे खुशाल मानावे.

विद्यार्थ्यांनी प्रत्येक सत्रात निदान एक आज्ञावली आरंभापासून शेवटपर्यंत स्वतः लिहावी, मोडावी आणि दुरुस्त करावी. कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घ्यावी. पण मिळालेल्या प्रत्येक ओळीचे कारण सांगता आल्याशिवाय ती वहीत उतरवू नये. साधने महाग आहेत, ही सबब आता उरलेली नाही. आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था यांच्या एनपीटीईएल या उपक्रमातील व्याख्याने विनामूल्य उपलब्ध आहेत. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमात तर मराठीतूनही पाठ मिळतात. प्रकल्पाचे विषयही दुकानात शोधावयास नकोत. आपल्या वस्तीतील पतपेढीचा हिशेब आहे, शिवडीच्या दलदलीत उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांची छायाचित्रांवरून मोजदाद आहे, तीन वेगवेगळ्या पद्धतींनी लिहिलेले एकच मराठी नाव यादीतून हुडकणे आहे. असा एक प्रकल्प प्रामाणिकपणे केला, तर चार विषय आपोआप पक्के होतात.

समाजाचाही यात वाटा आहे. या परिसरात सार्वजनिक मंडळांनी चालवलेल्या अभ्यासिका आहेत. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत ज्यांना पुस्तक उघडण्यास जागा नव्हती, अशी कितीतरी मुले तेथे बसून पदवीधर झाली. त्यांपैकी अनेक जण आज संगणक क्षेत्रात पंधरा-वीस वर्षांचा अनुभव घेऊन बसले आहेत. त्यांनी रविवारचे दोन तास द्यावेत. एक फळा, खडू, वीस मुले आणि वर्षभरात दोनच विषय : डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स आणि डेटा स्ट्रक्चर्स, तेही मराठीतून. यासाठी देणगीदार शोधावा लागत नाही, अनुदानाचा अर्ज करावा लागत नाही. सातत्य तेवढे लागते, आणि सातत्याने काम करणाऱ्या कार्यकर्त्यांची या भागात कधीच वाण नव्हती.

कोणती भाषा, कोणते साधन आणि कोणती कंपनी दहा वर्षांनी टिकेल, याचे भाकीत करण्यात अर्थ नाही. दहा लाख नावांत एक नाव वीस पावलांत सापडते, हा नियम मात्र टिफ्रॅकच्या काळी खरा होता, आज खरा आहे आणि पुढेही खराच राहणार आहे. घरातील कष्टाचा पैसा अशा न बदलणाऱ्या गोष्टी शिकण्यासाठी खर्च होतो आहे ना, एवढे प्रत्येक पालकाने पाहावे. येत्या रविवारी अभ्यासिकेच्या फळ्यासमोर उभे राहण्यास कोण तयार आहे, त्यांनी आजच आपली नावे द्यावीत.